कोल्ड लेझर आणि हस्तोपचार एकाच सत्रात: क्रम, मात्रा आणि दाबाची मर्यादा

प्रश्न असा आहे: मऊ ऊतींवर, म्हणजे स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर), फॅशिया (ऊतींवरचे चिवट आवरण), व्रण यांवर हाताने काम करणाऱ्या थेरपिस्टकडे ८०८ नॅनोमीटर आणि २०० मिलिवॉटचा हातात धरायचा लेझर आला आहे. दोन्ही एकाच सत्रात वापरायचे तर आधी काय करावे, एका जागी किती वेळ द्यावा, आणि कुठे हे दोन्ही एकत्र आणूच नयेत?

क्रमाचे उत्तर सोपे आहे. बहुतेक वेळा लेझर आधी, हात नंतर. पहिले कारण तेल. तेल किंवा लोशन लावलेल्या त्वचेवर प्रोब, म्हणजे लेझरचे त्वचेला टेकवायचे टोक, घसरतो, काही प्रकाश परावर्तित होतो आणि काचेवर चिकट थर बसतो. तो वेळच्या वेळी पुसला गेला नाही तर पुढच्या पेशंटला मात्रा कमी पडते आणि ते कळतही नाही. दुसरे कारण वेदना. लेझरने दुखरी जागा थोडी शांत होते, स्नायू हाताला विरोध करत नाही आणि कमी दाबात काम होते.

पण धोकाही इथेच आहे. वेदना कमी झाल्यावर थेरपिस्ट खोल जातो. पेशंट ‘चालेल, अजून दाबा’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी खांदा उचलता येत नाही. म्हणून एक नियम पक्का ठेवा: दाबाची मर्यादा लेझरच्या आधी ठरवायची. कोरड्या हाताने दुखरी जागा दाबा आणि शून्य ते दहाच्या मापावर वेदना विचारा. जिथे पेशंट चार किंवा पाच सांगेल, तो दाब हाताच्या लक्षात ठेवा. लेझरनंतर त्याच दाबाला त्याने दोन सांगितले, तरी दाब वाढवायचा नाही. वेदना उतरली म्हणजे ऊती मजबूत झाली असे नाही, फक्त खबर देणारा थोडा वेळ गप्प बसला आहे. जास्त मात्रेत लेझर बारीक मज्जातंतूंचे वहन मंद करतो. हा परिणाम साधारण १० ते २० मिनिटांत दिसतो, म्हणजे नेमका तुमचे हात कामात असताना.

प्रकाश आत काय करतो हे माहीत असले की मात्रेचे गणित डोक्यात बसते. लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश पेशींच्या मायटोकाँड्रियातले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते. त्यातून पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, नायट्रिक ऑक्साइड मोकळे होते आणि दाह कमी करणारे संकेत सुरू होतात. या शाखेची सुरुवात बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांच्या १९६७ च्या कामातून झाली. त्यांनी केस काढलेल्या उंदरांवर रूबी लेझर वापरला, तेव्हा केस लवकर उगवले. आज याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, तरी रोजच्या बोलण्यात ‘कोल्ड लेझर’च टिकला आहे. तो शब्द ५ ते ५०० मिलिवॉटच्या, म्हणजे लेझर सुरक्षेच्या थ्री-बी वर्गातल्या यंत्रांना लागू पडतो. ५०० मिलिवॉटच्या वरची, चौथ्या वर्गातली यंत्रे त्वचा तापवतात. त्यांचा प्रोब सतत फिरता ठेवावा लागतो, आणि पुढे दिलेली एका जागी धरण्याची पद्धत त्यांना अजिबात वापरायची नाही.

आता मात्रा. वॉट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल. २०० मिलिवॉट म्हणजे ०.२ वॉट, म्हणून २० सेकंदांत ४ ज्यूल. १०० मिलिवॉटला त्याच ४ ज्यूलसाठी ४० सेकंद लागतात. वर्ल्ड असोसिएशन फॉर लेझर थेरपीच्या २०१० च्या शिफारशींमध्ये ७८० ते ८६० नॅनोमीटरसाठी एका बिंदूला किमान ४ ज्यूल आणि ९०४ नॅनोमीटरच्या पल्स लेझरसाठी (जो सलग नाही, तुटक ठोक्यांत प्रकाश देतो) किमान १ ज्यूल धरला आहे. रोज उपचार असेल तर दोन आठवडे, एक दिवसाआड असेल तर तीन ते चार आठवडे. दाह आटोक्यात आला की मात्रा सुमारे ३० टक्क्यांनी खाली आणायची. दिलेल्या आकड्याच्या ५० टक्के खाली-वर हा चालण्याजोगा पट्टा आहे.

९०४ च्या यंत्रावर ‘२५ वॉट’ लिहिलेले पाहून घाबरू नका आणि खूषही होऊ नका. तो शिखराचा, म्हणजे एका पल्समधल्या कमाल शक्तीचा आकडा आहे. सरासरी शक्ती काढायची तर शिखर, पल्सचा काळ आणि दर सेकंदाच्या पल्स यांचा गुणाकार करा. २५ वॉट, २०० नॅनोसेकंद आणि ५००० हर्ट्झ धरले तर हाती येतात २५ मिलिवॉट. याच यंत्राची वारंवारता ५०० हर्ट्झवर आणली तर उरतात २.५ मिलिवॉट. मग १ ज्यूलसाठी ४० सेकंदांऐवजी ४०० सेकंद लागतील. अनेक यंत्रांत ‘वेदना’, ‘सूज’ अशा तयार कार्यक्रमांमागे फक्त वारंवारता बदललेली असते. वेळ तोच राहिला तर मात्रा दहापट घसरते.

उलट, वेळ दुप्पट केला म्हणून गुण दुप्पट येत नाही. मात्रेचा आलेख चढतो आणि मग उतरतो. थ्री-बी लेझरची जास्त मात्रा बहुतेक वेळा भाजत नाही, फक्त परिणाम पुसून टाकते. त्यामुळे गुण आला नाही की वेळ वाढवायचा, आणि त्याने अजून कमी गुण आला की पुन्हा वाढवायचा, हा फेरा सुरू होतो.

माहितीपत्रकातल्या ‘ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर’वर फार विसंबू नका. किरणाचा ठिपका ०.१ चौरस सेंटिमीटरचा असेल तर ४ ज्यूल म्हणजे ४० ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. ठिपका १ चौरस सेंटिमीटरचा असेल तर तेच ४ ज्यूल म्हणजे फक्त ४. नोंदवहीत एकूण ज्यूल, बिंदू, शक्ती आणि ठिपक्याचा आकार या चारही गोष्टी लिहा.

कंडरेच्या बाबतीत ठिपक्याचा आकार खरोखर आडवा येतो. त्याच शिफारशींमध्ये कंडरेसाठी शक्तीची घनता १०० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर नेऊ नका असे सांगितले आहे. तुमचा २०० मिलिवॉटचा प्रोब ०.१ चौरस सेंटिमीटरच्या ठिपक्यात प्रकाश टाकत असेल तर घनता होते २०००, म्हणजे वीसपट. मानेपासून खांद्यावर पसरलेल्या ट्रॅपेझियससारख्या जाड स्नायूवर हे निभते, कारण प्रकाश खोल जाताना विखुरतो. कोपराच्या बाहेरची किंवा टाचेमागची कंडरा मात्र त्वचेखाली लगेच असते. अशा वेळी रुंद तोंडाचे टोपण असेल तर ते लावा. नसेल तर शक्ती ५० मिलिवॉटवर आणा आणि प्रोब जरा वर उचलून ठिपका सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर होऊ द्या. घनता १०० वर येते आणि ४ ज्यूलला ८० सेकंद लागतात. उचललेल्या प्रोबमुळे थोडा प्रकाश त्वचेवरून परत फिरतो. वीसपट घनतेपेक्षा तो तोटा परवडतो.

कंडरा सोडून बाकी सगळीकडे प्रोब त्वचेला काटकोनात टेकवून दाबून धरा. दाबाने त्या जागचे रक्त बाजूला सरते आणि ऊती चेपली जाऊन लक्ष्य जवळ येते. तिरका धरलेला प्रोब निष्कारण प्रकाश वाया घालवतो. दाट केस बाजूला करा. त्वचा सावळी असेल, गोंदण असेल किंवा केस दाट असतील, तर छोट्या ठिपक्याच्या प्रोबखाली चटका किंवा टोचल्यासारखे वाटू शकते. मग मात्रा दोन भागांत द्या, मध्ये काही सेकंद प्रोब उचला. गोंदणाच्या शाईवर शक्यतो देऊच नका. दुखऱ्या बिंदूवर काळ्या पेनने खूण करायची सवय असेल तर तीही सोडा. शाई प्रकाश शोषते आणि तापते. खूण बिंदूच्या शेजारी करा.

मान आणि खांद्याच्या मधल्या भागाचे एक सत्र असे चालते. आधी मान दोन्ही बाजूंना वळवून पाहा, कुठे अडते ते लिहा. चिमटीत ट्रॅपेझियसची वरची कड धरून कोरड्या बोटांनी दुखरे बिंदू शोधा, दाबाची मर्यादा ठरवा, शेजारी खुणा करा. त्वचा ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या. दोघांनी गॉगल लावा. तीन-चार बिंदूंवर प्रत्येकी २० सेकंद. खांद्याच्या फळीच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर, जिथे लेव्हेटर स्कॅप्युली हा मानेचा स्नायू चिकटतो, तिथे अजून एक. एकूण १६ ते २० ज्यूल होतात. मग लगेच त्याच बिंदूंवर तुटून पडू नका. पाच-सात मिनिटे छातीचे स्नायू किंवा पाठीचा मधला भाग सैल करा, म्हणजे लेझरला वेळ मिळतो आणि सत्रही वाया जात नाही. नंतर कोरड्या बोटाने प्रत्येक बिंदूवर ३० ते ६० सेकंद स्थिर दाब, तीन वेळा. तेल आता, तेही थोडेच, लांब संथ हातांसाठी. शेवटी पेशंटला स्वतः मान वळवायला लावा आणि सुरुवातीच्या नोंदीशी ताडून पाहा. मानेच्या पुढच्या भागावर, म्हणजे थायरॉइड आणि कॅरोटिड धमनीच्या पट्ट्यात, लेझर नको आणि खोल दाबही नको.

मानदुखीत लेझरच्या बाजूने पुरावाही बरा आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली आलेल्या आढाव्यात १६ चाचण्या आणि ८२० पेशंट होते. तीव्र मानदुखीत उपचारानंतर लगेच, तर जुन्या मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत वेदना कमी राहिलेली दिसली. कंबरदुखीचे चित्र इतके स्वच्छ नाही. तिथे लेझर पूरक धरा आणि भर हात व व्यायामावर ठेवा.

कोपराच्या बाहेरच्या दुखण्यात कोपर काटकोनात वाकवा, तळहात खाली. हाडाच्या उंचवट्याच्या थोडे पुढे कंडरेवर एक बिंदू, ५० मिलिवॉटने ८० सेकंद, एकूण ४ ज्यूल. हाताचे काम कंडरेवर नाही, तिच्या पुढच्या स्नायूच्या फुगीर भागावर करा: अंगठ्याने स्नायू धरून ठेवायचा आणि पेशंटने मनगट हळू खाली वाकवायचे, पाच-सहा वेळा. जेम्स सिरियॅक्स यांच्या पद्धतीचे आडवे घर्षण करायचे असेल तर दुखणे जुने असावे, तेल नसावे, बोट आणि त्वचा एकत्र सरकावी आणि दिशा तंतूंना आडवी असावी. पण घर्षण ऊतीला डिवचण्यासाठी असते आणि लेझर डिवचलेले शांत करण्यासाठी. एकाच जागी एकाच दिवशी दोन्ही केले तर कोणाचा परिणाम झाला हे सांगता येणार नाही. पहिले दोन आठवडे लेझर आणि स्नायूवरचा हात, त्यानंतर गरज वाटली तर घर्षणाचे दिवस वेगळे ठेवा. आणि कंडरेचे दुखणे भार दिल्याशिवाय पूर्ण बरे होत नाही. मनगट वर ताणून स्थिर धरण्याचा व्यायाम, ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा, सत्राच्या शेवटी करून घ्या.

टाच आणि तळपायाच्या दुखण्यात बिंदू टाचेच्या आतल्या कडेला, फॅशिया जिथे हाडाला चिकटतो तिथे. तळव्याची कातडी जाड असते, त्यामुळे प्रोब आतल्या बाजूने लावलेला बरा. दोन बिंदूंत मिळून ८ ज्यूल. हात मुख्यतः पोटरीवर चालवा. पण पोटरीला हात लावण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहा. एकच पाय सुजलेला, गरम, दाबल्यावर दुखणारा असेल तर शिरेतली गुठळी नाकारली जाईपर्यंत ना हात, ना लेझर. सरळ डॉक्टरकडे.

स्नायू ताजा फाटला असेल तर पहिल्या तीन दिवसांत दुखापतीच्या जागी हाताने दाबायचे नाही. मांडीवर आपटून रक्त साकळले असेल तर तिथे जोराची मालिश केल्याने स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो. लेझर रक्ताच्या डागाच्या कडेने द्या. मधे साकळलेले रक्तच प्रकाश शोषून टाकते. हात फक्त वरच्या भागात, सूज ओसरावी म्हणून अगदी हलका. सूज खूप असेल तर मात्र क्रम उलटा करणे योग्य: आधी हलके लसिका निचरण (साचलेला द्रव हलक्या हाताने पुढे सरकवणे), मग त्वचा पुसून लेझर. फुगलेल्या ऊतीत लक्ष्य दूर गेलेले असते, ते आधी जवळ आणायचे.

टाक्यांच्या व्रणावर खपली पूर्ण गेलेली, त्वचा मिटलेली आणि शल्यचिकित्सकाची हरकत नसलेली हवी. वरवरच्या व्रणाला ६३० ते ६७० नॅनोमीटरचा लाल लेझर जास्त जुळतो. ८०८ च असेल तर व्रणाच्या लांबीवर दर सेंटिमीटरला १ ते २ ज्यूल पुरे. नंतर कोरड्या बोटांनी व्रण आडवा सरकवणे आणि कातडी उचलून लोळवणे, दोन-तीन मिनिटे.

मोठ्या स्नायूंच्या बाबतीत तुमचा एकट्या डायोडचा (किरण निर्माण करणाऱ्या भागाचा) प्रोब अपुरा आहे. व्यायामाआधी स्नायूंची क्षमता वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मात्रा लहान स्नायूगटाला २० ते ६० आणि मोठ्या स्नायूगटाला ६० ते ३०० ज्यूल आहेत. २०० मिलिवॉटने ६० ज्यूलला ५ मिनिटे लागतात आणि ३०० ज्यूलला २५ मिनिटे. मांडीमागच्या स्नायूसाठी इतका वेळ प्रोब धरून बसण्यात अर्थ नाही. तिथे अनेक डायोडचे पॅड हवे, नाहीतर हातांनीच काम करा. खोलीचेही तसेच. त्वचेखाली दोन-तीन सेंटिमीटरवर मूळ प्रकाशाचा अगदी लहान अंश पोहोचतो. नितंबाच्या जाड थराखालचा पिरिफॉर्मिस किंवा पोटामागचा सोअस या खोल स्नायूंना ‘मी लेझर दिला’ म्हणणे म्हणजे वरच्या चरबीला दिला.

नुकतेच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्या जागी लेझरचा गुण कमी येतो आणि कंडरा काही काळ नाजूक असते. निदान दोन आठवडे जोराचे घर्षण टाळा आणि इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील तर हाताचा दाब हलका हवा. प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे, गरोदरपणात पोट आणि कंबर, कर्करोगाची जागा, वाहते रक्त, ताप किंवा संसर्ग, संवेदना गेलेली त्वचा: इथे लेझर नाही, आणि यातल्या बऱ्याच ठिकाणी हातही नाही. डोळ्यांवर तर कधीच नाही.

गॉगल त्या तरंगलांबीचाच हवा. ६५० साठी बनवलेला गॉगल ८०८ ला पारदर्शक असू शकतो, आणि ८०८ चा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. पेशंट पालथा आहे म्हणून गॉगल वगळू नका, त्याला मान वळवायला एक क्षण पुरतो. खोलीतले आरसे झाका, दागिने काढून ठेवा. स्टीलची घासण्याची हत्यारे लेझर चालू असताना टेबलावर उघडी पडलेली नकोत.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन सत्रांनंतर गुण नाही म्हणून मात्राही वाढवली आणि दाबही, तर तिसऱ्या सत्रानंतर वाढलेल्या दुखण्याचे कारण शोधता येत नाही. हात लावल्यानंतर २४ तास जरा अंग दुखणे चालते. त्यापुढे टिकले तर आधी दाब आणि वेळ कमी करा, लेझर तसाच ठेवा. दुखरे बिंदू शेवटी पुन्हा लेझरने शांत करायचे असतील तर पूर्ण मात्रा दोनदा देऊ नका: २ ज्यूल आधी, २ ज्यूल नंतर, तेल पुसून. पाच-सहा सत्रांत हालचाल किंवा वेदना यांपैकी एकही मोजता येईल इतके बदलले नाही, तर निदान तपासून घ्यायची वेळ आली आहे.

यंत्राकडेही लक्ष हवे. डायोड वयानुसार मंदावतो आणि पडद्यावरचा आकडा मात्र तसाच राहतो. वर्षातून दोनदा पॉवर मीटरवर मोजा. २०० ऐवजी १४० मिलिवॉट मिळत असतील तर ४ ज्यूलला २० नाही, साधारण २९ सेकंद लागतील. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पांढऱ्या कागदावर पडलेला ठिपका दिसतो, पण त्यावरून किरण निघतोय एवढेच कळते, किती ते कळत नाही. हे पाहतानाही गॉगल चढवलेला असावा आणि प्रोबचे तोंड कागदाकडे, कॅमेऱ्याकडे नाही. प्रत्येक पेशंटनंतर काच अल्कोहोलने पुसा, आणि ती पुसताना यंत्र बंद ठेवा.